तुझी भरती, माझी पहाट

हेमा, तुझ्या शोकसभेत तू मला ओळखूच आली नाहीस.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. आपल्या वाचन मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे पहिला मान त्यांचा. म्हणाले, "हेमाताई म्हणजे शांत, हसतमुख व्यक्तिमत्त्व. आयुष्यात त्यांनी कुणालाही दुखावलं नाही." मी इकडेतिकडे पाहिलं. ज्यांना ज्यांना तू दुखावलं होतंस ते सगळे सोसायटीच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून माना डोलावत होते. खुद्द भाऊसाहेबांना तू भर बैठकीत म्हणाली होतीस की तुम्ही पुस्तक वाचत नाही, मुखपृष्ठावरची तलवार बघून आणता. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरायला पदर तोंडात घ्यावा लागला. तेच भाऊसाहेब आता डोळे पुसत होते. खोटं खोटं नव्हते पुसत, तेवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण ज्या बाईसाठी पुसत होते ती बाई बोईसरमध्ये कधी राहत नव्हती.

एक रंजना तेवढी खरं बोलली. आपली मासवणची रंजना, पालघरच्या कचेरीतून सुटून मंडळाला येते ती. उठून म्हणाली, "हेमाताई माझ्यावर लय ओरडायची. मला रडवली पन हाय तिनं." लगेच कुणीतरी तिला खाली बसवलं. आज असं बोलू नये म्हणे. मग कधी बोलायचं?

मी इतकी चिडले होते की तोंड उघडलं असतं तर सभेची शोभा झाली असती. कुणावर चिडले होते ते विचारू नकोस. पहिला नंबर तुझाच होता. छातीत दुखतंय हे तुला दोन दिवस माहीत होतं, आणि तू सोडा पिऊन झोपलीस. भावाला सांगितलं नाहीस, शेजारी सांगितलं नाहीस, मला तर सांगणार नव्हतीसच, कारण आपलं बोलणं बंद होतं. फोन उचलून "सुनंदा, जरा ये" एवढं म्हटलं असतंस तर काय तुझी हार झाली असती? मी अबोला बाजूला ठेवून आले असते. येता येता भांडले असते, पण आले असते.

असो. तुला हे सांगायला बसलेच नाहीये मी. सभेनंतर जे झालं ते सांगायचंय. पण आधी थोडं मागचं बोलू दे, नाहीतर माझा राग मलाच समजणार नाही.

मंडळात तुला आणलं मीच. नवऱ्याच्या नोकरीपायी मी जळगावकडून इथे आले, शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले आणि वाचायला माणसं शोधू लागले. तू एडवणची. तारापूरच्या कारखान्यांत आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काढलेलीस. पहिल्याच बैठकीत तू हात वर करून विचारलंस, "ऐतिहासिक कादंबरी निवडताना तुम्ही तपासता काय?" तपासायचं काय? कुणाच्या तरी मेव्हण्यानं चांगली आहे म्हणून सांगितलं की आम्ही आणत होतो.

मग तू तुझी पद्धत सांगितलीस. कारखान्यात पिंप आलं की लांब नळी घालून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घ्यायचे. तिन्ही नीट असले तर माल पास, हिरवं लेबल. एकातही खोट निघाली तर लाल लेबल आणि अख्खा माल परत. कादंबरीलाही तेच. सुरुवातीचं एक पान, मधलं एक, शेवटचं एक. त्या पानांवर माणसं काय खातात, काय नेसतात, कशावर बसून कुठे जातात, सगळं त्या काळाशी लावून बघायचं. भाऊसाहेब म्हणाले होते, "अहो, साहित्य आहे हे, केमिकल नव्हे." तू म्हणालीस, "म्हणूनच. केमिकल पोटात जात नाय, हे डोक्यात जातं."

पहिली विकेट पडली ती त्यांच्याच लाडक्या कादंबरीची. यादवांच्या काळातला एक वीर घोड्यावरून उतरतो आणि झाडाखाली बसून भाकरी-ठेचा खातो. तू पान मिटलंस. "मिरची फिरंग्यांबरोबर आली. तोवर या बाबानं मिरीवर भागवायला हवं होतं." लाल लेबल. भाऊसाहेब महिनाभर ठेच्याचं नाव काढलं की उठून जायचे. नंतर एका राणीच्या पंगतीत बटाट्याची भाजी निघाली, एका किल्लेदाराच्या खिडकीला काचा निघाल्या. आम्हालाही नाद लागला. बैठकीच्या आधी मी स्वतः गुपचूप नमुने घेऊ लागले. इतकी वर्षं मी मुलांना कादंबऱ्या शिकवल्या, पण नायकाच्या ताटात काय आहे हे बघायला मला तू शिकवलंस. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच शेफारली असतीस.

पण तुझा हट्टीपणाही सांगायला हवा. ती एक कादंबरी तू हिरवं लेबल लावून आमच्या माथी मारलीस, आठवतेय? तिच्यात शेतसारा बरोबर होता, मापं बरोबर होती, घोड्यांची खोगिरंसुद्धा बरोबर होती. चूक एकही नव्हती आणि जिवंत माणूसही एकही नव्हता. वाचता वाचता मंडळाचे दोन सभासद कायमचे गळाले. मी म्हटलं, "हेमा, ही कादंबरी नाही, हा सातबारा आहे." तू म्हणालीस, "निदान खोटा तरी नाय." तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. खरं तर ते त्यानंतर कधी थांबलंच नाही. माझं म्हणणं एकच होतं: माणसाचं मन खरं उतरलं असेल तर मिरची इकडची तिकडे झाली, काय फरक पडतो? आणि तू दर वेळी चष्मा काढून टेबलावर आपटायचीस. "फरक पडतो, सुनंदा. फरक पडतो."

मग ती किल्ल्याची कादंबरी आली. फिरंग्यांच्या अमलातली, तीही तुझ्या एडवणच्या किनाऱ्यावरची. सुचवली मी. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, वाचायची बंदी होती, म्हणून तू रोज दुपारी येऊन मला ती वाचून दाखवायचीस. मध्ये मध्ये थांबून लेखकाला शिव्या घालायचीस ते वेगळं. आणि मग ते पान आलं. नवरा किल्ल्यात कैद आहे. अमावास्येची पहाट. गाव झोपलेलं. भरतीचं पाणी थेट उंबऱ्याला लागलंय. ती कोळ्याची सून उंबऱ्यावरूनच होडीत पाय टाकते, आणि होडी दूर गेल्यावर मागे वळून उजाडताना आपलं घर बघते. मी पट्टी बांधल्या डोळ्यानं रडत होते. तू वाचायची थांबलीस. मला वाटलं तुलाही भरून आलं. आणि तू म्हणालीस, "पाणी नाय."

"काय?"

"अमावास्येला भरती दुपारी बाराला येते. पहाटे पाणी पार लांब गेलेलं असतं. ही बाई होडीत नाय बसली, ही वाळूत पडली. आणि तू रडू नको, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाय म्हटलंय डॉक्टरांनी."

इतका राग मला तुझा क्वचितच आला असेल. मी म्हटलं, तिचं दुःख खरं आहे. तू म्हणालीस, "दुःख खरं असंल. पाणी खोटं हाय." चिडलीस की तुझ्या तोंडी एडवण यायचं.

माझा विश्वास बसेना म्हणून तू मला पुढच्या अमावास्येला तुझ्या भावाकडे घेऊन गेलीस. पहाटे उठवलंस. माझ्या गुडघ्यांची पर्वा न करता वाळूतून चालत नेलंस. चालतोय, चालतोय, पाणी काही येईना. होड्या कोरड्यात कलंडलेल्या. तू मध्येच उभी राहिलीस, दोन्ही हात पसरलेस आणि ओरडलीस, "घे! बस होडीत! जा नवऱ्याला आणायला!" मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. परत आलो तर तुझी भावजय चहा गाळत होती. आपले चिखलाचे पाय बघून म्हणाली, "दोगी येड्या झाल्यात काय? कादंबरीसाठी कोन जातं का पायटंचं दर्यावर?" तू म्हणालीस, "हिला सांग वैनी, अमावास्येला पायटंला पानी अस्तं का?" ती म्हणाली, "मना काय विचारतेस, मना झोप हाय." आणि निघून गेली.

त्या चहाच्या वेळी तू जे बोललीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तू म्हणालीस की चूक होते, मिरचीची चूक झाली तर ती विसराळूपणाची. पण ही तशी नाही. "आमच्या गावावर पुस्तक लिवलं आनि गावात कुनाला एक शब्द इचारला नाय. आमची बाई भरती न बघता घराभायेर पडत नाय. त्यानं तिला येडी करून टाकली. आनि तुमी घाटावरची लोकं तिच्यासाठी रडता." जळगावचं माणूस घाटावरचं कसं, हे तुला समजावून मी थकले होते, पण तेव्हा ते काढलं नाही. मला कळलं होतं तू कशासाठी भांडतेयस. मला तेव्हा पटलं, असंही नाही.

कारण माझंही म्हणणं होतंच. पुढच्या बैठकीत तू पर्समधून लाल लेबल काढलंस आणि मी तुझा हात धरला. सगळ्यांसमोर. तू म्हणालीस, लेखकाला अंधार हवा आणि भरती हवी, तर बाईला मध्यरात्री निघू दे, तेव्हा दोन्ही असतं, इतकं सोपं होतं, कुणाला विचारलं असतं तर! सगळे म्हणाले, वा. भाऊसाहेबसुद्धा. मग मी विचारलं, "मध्यरात्री निघाली तर मागे वळून तिला घर कसं दिसेल, हेमा? सगळी कादंबरी त्या वळून बघण्यावर उभी आहे. तुझी भरती ठेवू की माझी पहाट?"

तू चष्मा काढलास, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आपटला नाहीस. म्हणालीस, "पुढच्या बैठकीला सांगते." लेबल पर्समध्ये परत टाकलंस, माझा हात झटकलास आणि माझ्याकडे न बघता जिना उतरलीस. रस्त्यात गाठ पडली तरी बोलली नाहीस. मी म्हटलं, असू दे, तयारी चाललीय हिची. येईल चार पुस्तकांत खुणा घालून आणि माझी साफ जिरवेल. मी वाट बघत होते, खरंच सांगते. मला कुणी जिरवावं अशी वाट बघावीशी वाटणारं माणूस या वयात पुन्हा कुठून आणायचं?

आणि तू बैठकीला आलीच नाहीस.

आता सभेनंतरचं. चहा झाला, आणि भाऊसाहेबांनी जाहीर केलं की हेमाताईंच्या स्मरणार्थ मंडळानं त्यांच्या गावची कादंबरी निवडली आहे, रविवारी चर्चा, आणि प्रास्ताविक सुनंदाताई करतील, कारण ती सुचवली त्यांनीच. टाळ्या. शोकसभेत टाळ्या! संध्याकाळी फोनवर भाऊसाहेबांनी स्वतः टाकलेला मेसेज आला: "आपल्या लाडक्या हेमाताईंच्या आवडत्या कादंबरीवर चर्चा."

आवडत्या.

मी भाऊसाहेबांच्या घरी गेले. चपला दाराबाहेर काढायचंही भान नव्हतं. म्हटलं, ही कादंबरी तिची आवडती नव्हती. ती तिला लाल लेबल लावणार होती, तुमच्या डोळ्यांदेखत. भाऊसाहेब मला बसवत होते, पाणी देत होते. म्हणाले, "सुनंदाताई, गेलेलं माणूस. चार शब्द गोड लिहिले तर काय फरक पडतो?"

हेमा, हे वाक्य माझं होतं. अगदी माझ्याच सुरातलं. ते मी तुला इतक्या वेळा ऐकवलंय की भाऊसाहेबांचंही पाठ झालं असावं. आणि आता त्या वाक्यानं ते तुला पुसून टाकत होते आणि तुझ्या जागी ती हसतमुख, शांत, कुणाला न दुखावणारी बाई बसवत होते. तुझ्यावर लिहायचं आणि तू कोण होतीस ते ज्यांना माहीत आहे त्यांना विचारायचं नाही. मी म्हटलं, "फरक पडतो." चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तो काढून आपटायचा मोह मी आवरला, कारण ऑपरेशननंतरचा नवीन आहे.

मग मी सांगितलं की मेसेज बदलल्याशिवाय मी रविवारी येणार नाही, आणि आले तर हे सगळं माइकवर सांगेन. भाऊसाहेब म्हणाले, "पण तुम्हाला तर आवडते ना ती?" मी म्हटलं, "आवडते. माझं नाव घाला. तिचं घालू नका." ते बिचारे पार गोंधळले. जिंकलेलं माणूस का भांडतंय ते त्यांना समजेना. मला असं जिंकायचं नव्हतं, हे त्यांना काय सांगणार? तू समोर नसताना पास झालेली कादंबरी मला काय करायची आहे?

शेवटी रंजना धावून आली. मंडळाचे मेसेज एरवी तीच टाकते. दुसऱ्या दिवशी पालघरहून तिनं नवा मेसेज टाकला: "सुनंदाताईंना आवडलेली आणि हेमाताईंना अजिबात न आवडलेली कादंबरी. हेमाताईंची बाजू सुनंदाताई मांडतील." मला न विचारता! मी फोन केला तर म्हणाली, "मग कोन मांडनार, ताई? तिचं सगलं तुमालाच तर म्हाईत हाय. रोज तुमच्याशीच भांडायची ती." आणि फोनवरच रडायला लागली. मी तिला ओरडले. तुझी जागा कुणीतरी चालवायला हवी.

म्हणजे रविवारी मी तुझ्या बाजूनं उभी राहणार आहे. लोक हसतील, हसू देत. मी तीन नमुने घेणार आहे. ओहोटीचं सांगणार आहे, कोरड्यात कलंडलेल्या होड्यांचं सांगणार आहे, तुझ्या गावच्या बाईला येडी ठरवल्याचं सांगणार आहे. तू चिडकी होतीस, हट्टी होतीस, एका रद्दड पुस्तकाला हिरवं लेबल दिलं होतंस, हेही सांगणार आहे. मध्यरात्रीची भरतीसुद्धा सांगीन. सगळं तुझ्यासारखं, तुझ्या सुरात. शाळेत इतकी वर्षं बोलले, तेवढं मला जमेल.

पण त्यानंतर कुणीतरी विचारणारच की मग घर कसं दिसेल. नाही विचारलं तर मीच विचारीन, तो प्रश्न माझाच आहे. आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे होतं. काय होतं गं? चांदण्यांच्या उजेडाचं काही होतं? घरात कुणी दिवा लावून ठेवला असता, असं म्हणणार होतीस? की "वळून कशाला बघायला हवं, आमच्या बायका वळून बघत नाहीत" असं काहीतरी म्हणून मला गप्प करणार होतीस? मी रोज एक उत्तर रचते. एकेक इतकं चांगलं असतं की ते तुझंच वाटतं, आणि रविवारी ते तुझ्या नावावर सांगितलं तर तिथल्या एकालाही शंका येणार नाही.

ते मी सांगणार नाही. तिथवर आले की म्हणेन, यावर हेमा काय म्हणणार होती ते मला माहीत नाही, आणि खाली बसेन.